जुनी पिकप: आधी मूळपदावर, मग सुधारणा

१२ ऑक्टोबर

गाडी टोयोटाची, १९९१ सालची पिकप. बऱ्याच देशांत हायलक्स या नावाने विकली गेलेली पाचवी पिढी. २२आर-ई पेट्रोल इंजिन, २३६६ सीसी, इंजेक्शनचे. पाच गिअर, फोर व्हील ड्राइव्ह, पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पीळ घेणारी दांडी), मागे पाटे (लीफ स्प्रिंग). ओडोमीटरचा आकडा लिहीत नाही. टायर मूळ मापाचे नसल्याने त्या आकड्याला अर्थ उरलेला नाही.

आज फक्त पाहणी. गाडीत बिघाड आहेतच, पण त्याहून जास्त आहेत त्या आधीच्या मालकांनी केलेल्या ‘सुधारणा’. मागे लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला टांगणारी कडी) घालून हौदा उंच केलाय. मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा दांडा तारेने वर बांधून ठेवलाय. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला, म्हणजे हाउसिंग आहे आणि आत पोकळी. जादा दिवे, स्पीकर आणि कशाकशाच्या वायरी मूळ हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, जागोजागी टोचलेल्या. टायर ३१ इंची.

यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी चांगल्याच हेतूने केली असणार. पण एका जागी हात घातला की त्याचा परिणाम दुसऱ्या जागी निघतो, आणि तो कोणी पाहिलेला नाही. म्हणून ठरवले आहे की आधी गाडी कारखान्यातून निघाली त्या अवस्थेला आणायची. नवे काही लावायचे का, ते नंतर. क्रम असा: चेसिस तपासणे, ब्रेक, वायरिंग, कूलिंग, इंजिन. रंगाचा विषय शेवटीसुद्धा नाही.

१३ ऑक्टोबर

चेसिस. चेसिस गेली असेल तर बाकीच्या कामावर पैसा आणि वेळ घालण्यात अर्थ नाही, म्हणून ती आधी.

चाकांना अडण्या लावल्या, गाडी स्टँडवर घेतली आणि टोकदार हातोडीने दोन्ही लांब्या (चेसिसच्या दोन बाजूंच्या लांब तुळया) पुढून मागे ठोकत गेलो. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो. गंजून पातळ झालेली जागा बद्द बोलते आणि हातोडीचे टोक तिथे खळगा पाडते. डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. काळा रंग मारून चकचकीत केलेली चेसिस आतून पोखरलेली असू शकते, कारण पेटीसारख्या बंद भागात माती आणि ओल साचते आणि गंज आतून बाहेर येतो.

उजवी बाजू पक्की. डावीकडे मागच्या पाट्याचा पुढचा ब्रॅकेट जिथे बसतो त्याच्या थोडे मागे, लांबीच्या खालच्या अंगाला, तळहाताएवढी जागा गेलेली आहे. दोन ठिकाणी हातोडी आरपार. खडूने गोल करून ठेवले. ब्रॅकेटची मूळ वेल्डिंग मात्र शाबूत आहे, आणि तेच महत्त्वाचे होते. गाडी ठेवायची.

निचऱ्याची भोके मातीने बुजलेली होती. तारेने मोकळी केली, आत पाण्याचा पाइप घातला. बाहेर जे आले त्याला गाळ म्हणावे की गंज, हा प्रश्नच आहे.

१९ ऑक्टोबर

काहीही खोलण्याआधी इंजिनची मोजमापे. नंतर ‘आधी असे नव्हते’ म्हणण्यापेक्षा आकडा लिहिलेला बरा.

इंजिन गरम करून चारही प्लग काढले, इंजेक्शन आणि इग्निशन बंद ठेवले, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून स्टार्टर मारला. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये: ११.४, ११.६, ११.३, ११.५. या इंजिनचा मूळ आकडा १२ च्या आसपास, किमान १०, आणि सिलिंडरांमधला फरक १ पेक्षा जास्त नको. वयाच्या मानाने उत्तम. रिंगा आणि व्हॉल्व्हला हात लावायचे कारण नाही.

बॉनेटखालच्या चाचणीच्या डबीत टीई१ आणि ई१ हे दोन टर्मिनल तारेने जोडले की डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. दिवा एकसारख्या लयीत लुकलुकला, म्हणजे नोंदवलेला बिघाड नाही. तरीही सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास आहे आणि प्लग काळे. कोड नाही म्हणजे दोष नाही, असे या काळातल्या कॉम्प्युटरबाबत धरू नये. सेन्सर तुटला किंवा शॉर्ट झाला तर त्याला कळते. सेन्सर खरेच सांगतोय पण इंजिनच थंड राहतेय, हे त्याला बिघाड वाटत नाही. पाणी थंड आहे असे दिसले की तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. संशय थर्मोस्टॅटच्या रिकाम्या जागेवर.

दुसरी नोंद जास्त काळजीची. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्टर मारला की दोन-तीन सेकंद इंजिनच्या पुढच्या तोंडातून खडखड येते, मग थांबते. २२आर कुटुंबातल्या इंजिनवर काम केलेल्या कोणालाही हा आवाज सांगावा लागत नाही. टायमिंग चेन म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी. तिचा ताण ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या टेन्शनरवर असतो. दाब येईपर्यंत चेन सैल असते आणि तिला रेषेत धरणारा गाइड झिजलेला किंवा तुटलेला असला तर ती आपटते. ऑइल आणि कूलंट दोन्ही तपासले. ऑइल दुधाळ नाही, म्हणजे त्यात कूलंट शिरलेले नाही. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही.

तोवर गाडी कामापुरतीच सुरू करायची.

२६ ऑक्टोबर

मागचे ब्रेक. तक्रार अशी की पेडल निम्म्याच्या खाली जाते, दोनदा मारले की वर येते. असे पेडल पाहिल्यावर बहुतेक जण मास्टर सिलिंडर बदलतात. इथे तो नवाच दिसतोय, म्हणजे आधी कोणीतरी तेच केले आणि पेडल होते तिथेच राहिले.

एक-दोनदा पंप केल्यावर पेडल वर येऊन टिकत असेल तर शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) आणि ड्रममधली फट जास्त आहे. पाय ठेवून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर सील गळतेय. सतत स्पंजासारखे दबत असेल तर हवा. आमचे पहिल्या जातीचे.

ड्रम निघेनात. ड्रमवर दोन आटे पाडलेली भोके असतात, त्यात बोल्ट घालून थोडे थोडे आलटून पालटून आवळले की ड्रम सरकतो. हातोडीने कडा ठोकण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे. आतली धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. पाणी आणि साबण फवारून ओल्यानेच पुसून काढली.

आणि मूळ दुखणे सापडले. या पिकपमध्ये मागचे शू आपोआप ॲडजस्ट होतात ते हँडब्रेक ओढल्याने. हँडब्रेकची केबल बॅकप्लेटच्या मागे एका बेलक्रँकला (ओढ्याची दिशा बदलणारा कोनातला लिव्हर) ओढते, तो आतल्या लिव्हरला, आणि लिव्हरच्या हालचालीत ॲडजस्टरचा दाता एकेक पुढे सरकतो. बेलक्रँकच्या पिनवर चिखल-पाणी सरळ येते. रबरी टोपी फाटली की पिन गंजून जाम होते. पिन जाम, की हँडब्रेक लागत नाही. हँडब्रेक लागत नाही म्हणून कोणी ओढत नाही. ओढत नाही म्हणून शू ॲडजस्ट होत नाहीत, आणि पेडल खाली. दोन्ही बाजूंचे बेलक्रँक दगड झालेले होते.

गंजनाशक तेल रात्रभर मुरवले, मग पिना प्रेसमध्ये काढल्या, भोके साफ केली, नव्या पिना, नव्या टोप्या, उच्च तापमानाचे ब्रेक ग्रीस. व्हील सिलिंडर दोन्ही ओलसर होते, बदलले. शू १ मिमीच्या जवळ पोचले होते, तेही नवे. ड्रमचा आतला व्यास मोजला. कमाल मर्यादा ड्रमवरच ओतलेली असते आणि आपले त्याच्या आत आहेत, म्हणून फक्त कडेचा उंचवटा काढून परत घातले.

शू बसवताना एक सवय: एका वेळी एकच बाजू खोलायची. दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते.

२ नोव्हेंबर

ब्रेकचे तेल काळपट होते. हे तेल हवेतला ओलावा शोषते आणि तसे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ दर्जाचे तेल कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सियस आणि ओलावलेले १४०. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. डॉट ४ घातले. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळेच तेल, ते यात मिसळायचे नाही. नाव जवळचे असलेले डॉट ५.१ मात्र याच जातीचे.

मागच्या ॲक्सलवर उतरणारा रबरी होज आतून फुगलेला निघाला. असा होज पायाच्या जोराने तेल पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही आणि ब्रेक धरून राहतात. तीनही होज बदलले.

हवा काढायला भाची पेडलवर. ‘मामा, धरू का सोडू?’ या एकाच प्रश्नावर सगळा कारभार. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, मग जवळची. लोड सेन्सिंग व्हॉल्व्हलाही स्वतःचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) असतो, तो बऱ्याच जणांना दिसतच नाही कारण तो चेसिसच्या आत, मातीखाली. तिथून भरपूर हवा निघाली. पेडल आता वरच्या तिसऱ्या भागात आणि टणक.

९ नोव्हेंबर

शॅकल आणि तो तारेने बांधलेला दांडा. हे दोन्ही एकच प्रकरण आहे.

लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा दांडा एका टोकाला चेसिसवरच्या व्हॉल्व्हला, दुसऱ्या टोकाला मागच्या ॲक्सलला. हौद्यात माल भरला की पाटे दबतात, चेसिस आणि ॲक्सलमधले अंतर कमी होते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. रिकाम्या पिकपचा मागचा भाग हलका असतो. तिथे पूर्ण दाब दिला तर मागची चाके आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. म्हणून रिकामी असताना दाब कमी.

लांब शॅकल घालून मागचा भाग उंच केला की व्हॉल्व्हला गाडी कायमची रिकामी, किंबहुना रिकाम्याहून रिकामी वाटते. माल भरला तरी मागचे ब्रेक अर्धवट. ते कोणालातरी जाणवले असणार, म्हणून त्याने दांडा तारेने वर बांधला: आता व्हॉल्व्हला गाडी कायम भरलेली वाटते. ओल्या रस्त्यावर, रिकाम्या हौद्याने, वळणावर ब्रेक मारला असता तर काय झाले असते ते उघड आहे. एक सुधारणा, तिच्यावर उतारा म्हणून दुसरी, आणि दोन्ही मिळून मूळपेक्षा वाईट.

शॅकल मूळ लांबीचे लावले. त्याने मागच्या डिफरन्शियलच्या नाकाचा कोनही पूर्ववत आला. लांब शॅकलने तो बिघडला होता आणि प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे फिरणाऱ्या दांड्याची) जी थरथर होती तिचे थोडे कारण तेच असावे. दांड्याची जागा पुस्तिकेतल्या मापाने बसवली.

पाट्यांचे बुश नवे. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नयेत. रबर दोन्ही पृष्ठांना धरून बसते आणि पीळ घेते. लोंबकळत्या ॲक्सलवर आवळले तर गाडी खाली आल्याक्षणी ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा टॉर्क. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घातले, जुने ताणले गेलेले असतात. थोडे चालल्यावर पुन्हा आवळायचे आहेत.

२३ नोव्हेंबर

वायरिंग. या कामाला धीर लागतो, बाकी काही नाही.

आधी उपसणे. टोचून बसवणारे निळे कनेक्टर जिथे जिथे होते तिथे मूळ वायरचे अर्धे धागे कापलेले आणि उरलेले हिरवे पडलेले. जादा दिव्यांची, अलार्मची, कुठल्याशा बंद पडलेल्या उपकरणाची वायर शेवटपर्यंत माग काढत काढली. दोन वायरी अशा निघाल्या की दोन्ही टोके कशालाच जोडलेली नाहीत. कापलेल्या जागी मूळ जाडीचा तुकडा, उघड्या क्रिम्पने जोडून वर गोंदवाली उष्णतेने आवळणारी नळी. सोल्डर पूर्ण लांबीभर केला तर थरथरीत त्याच्या कडेला वायर तुटते, म्हणून क्रिम्प.

मग अर्थिंग. बॅटरीपासून इंजिन, बॅटरीपासून बॉडी, इंजिनपासून बॉडी: तिन्ही पट्टे काढून टोके घासली, बॉडीवरचा रंग खरवडून धातू उघडा केला, आवळून वरून ग्रीस. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत मीटरने मोजले. ०.२ व्होल्टच्या आत हवे. आधी ०.७ होते, आता ०.०९. स्टार्टर ‘थकलाय’ असे ज्याला वाटले असेल त्याला हा आकडा दाखवायला हवा होता.

हेडलाइट. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, बल्बच्या टोकांशी १२.२. जवळजवळ २ व्होल्ट वाटेत, कारण दिव्यांचा सगळा करंट जुन्या स्विचमधून आणि लांब पातळ वायरीतून जातो. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास व्होल्टेज गेले की उजेड ४० टक्के जातो. लोक अशा वेळी जास्त वॅटचा बल्ब घालतात; करंट वाढतो, वाटेतली घट आणखी वाढते, आणि स्विच वितळतो.

ही पहिली खरी सुधारणा जी मी करायला तयार आहे: रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. लो आणि हायला एकेक, बॅटरीजवळ फ्यूज, तिथून ४ चौरस मिमीची वायर. जुना स्विच आता फक्त रिलेच्या कॉइलला करंट देतो. एक सावधगिरी: या पिकपमध्ये हेडलाइटचा स्विच धन नव्हे तर अर्थ बाजू तोडतो. बल्बच्या समाईक टोकाला कायम धन येते. बाजारातला तयार हार्नेस बहुधा उलट पद्धतीचा असतो; तो तसाच लावला तर हाय-बीमचा निळा दिवा वेडेवाकडे वागतो. म्हणून रिलेच्या ८५-८६ या कॉइलच्या टोकांची जोडणी त्या हिशोबाने केली. मूळ हार्नेसची एकही वायर कापलेली नाही. रिले काढून जुना सॉकेट बल्बला लावला की गाडी होती तशी.

बल्बवर आता १३.७ व्होल्ट. बल्ब तेच ६०/५५ वॅटचे.

७ डिसेंबर

थर्मोस्टॅट बसवला. ८८ अंशांचा, छोटा हवा-सोडणारा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून. ‘गाडी गरम होते, काढून टाका’ हा सल्ला किती इंजिनांनी भोगला असेल. सतत थंड चालणाऱ्या इंजिनात ऑइलमधला ओलावा आणि पेट्रोल उडून जात नाही, सिलिंडर झिजतात, आणि इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोल जास्त जात राहते.

गरम होण्याचे खरे कारण रेडिएटर. पुढून पाहिल्यावर फिन शाबूत, पण इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवल्यावर मधल्या-खालच्या पट्ट्यात नळ्या थंड, म्हणजे तुंबलेल्या. रेडिएटर बदलला, टोपीही ०.९ बारची नवी. कूलंट अर्धे आणि डिस्टिल्ड पाणी अर्धे. सुई आता मधल्या रेषेच्या किंचित खाली येऊन थांबते. प्लग पुन्हा पाहिले: पिवळट तपकिरी. पेट्रोलचा वास गेला.

२१ डिसेंबर

टायमिंग चेन. गाडी आठवडाभर तरी उठणार नाही असे घरी सांगून टाकले.

रेडिएटर, पंखा, पट्टे, वॉटर पंप बाहेर. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर) आणला आणि डिस्ट्रिब्यूटरच्या रोटरची दिशा खुणावून ठेवली. डिस्ट्रिब्यूटर काढला, कारण त्याचा गिअर कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकावर चालतो.

क्रँकच्या पुलीचा बोल्ट जबरदस्त घट्ट असतो. पुलीला धरणारा लांब दांडा लावला, बोल्टवर लांब पाना, एकदम झटका न देता वजन टाकत गेलो. सुटला.

हेड काढायचे नाही. मग टायमिंग कव्हर हेडच्या पॅकिंगच्या पुढच्या कडेखालून सावकाश सोडवावे लागते. पातळ पात्याने पॅकिंग कव्हरपासून अलग केले. आणि तो लपलेला बोल्ट: हेडच्या पुढच्या टोकाला, स्प्रॉकेटच्या समोर, साचलेल्या ऑइलच्या डबक्यात बुडालेला उभा बोल्ट हेडला कव्हरशी बांधतो. तो दिसत नाही, म्हणून लोक कव्हरला पटाशी लावतात आणि ॲल्युमिनियमचे कव्हर तडकते. आधी कापडाने ऑइल टिपून घ्यायचे, बोल्ट दिसतो.

ऑइल सम्प (इंजिनखालची ऑइलची परात) न उतरवता चेन बदलता येते असे सांगणारे भेटतात. बदलता येतेही. पण प्लास्टिकचा गाइड तुटला असेल तर तुकडे कुठे गेले? खाली सम्पमध्ये, ऑइल ओढणाऱ्या जाळीच्या तोंडाशी. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा डिफरन्शियल आडवा येतो; त्याचे माउंट सोडून तो थोडा खाली घेतला आणि सम्प काढला.

२३ डिसेंबर

सम्पमध्ये काळ्या प्लास्टिकचे तुकडे. एक पट्टी अंगठ्याएवढी. जाळीवर बारीक चुरा.

डावा गाइड अर्धा तुटून गेला होता. तिथून चेन सरळ टायमिंग कव्हरला घासत होती, कव्हरमध्ये नखाने चाचपता येईल इतकी खोल चर पडली होती. त्या भिंतीपलीकडे कूलंटची वाट आहे. चर आरपार गेली की कूलंट ऑइलमध्ये उतरते, बेअरिंग संपतात, आणि ज्या इंजिनचे कॉम्प्रेशन अकराच्या वर आहे ते भंगारात जाते. आमची भिंत अजून उभी आहे, पण कव्हर परत वापरणार नाही.

यात इंजिनच्या रचनेला नावे ठेवण्यात मला रस नाही. गाइड हा झिजणारा भाग आहे, तीन दशके झाली, आणि ऑइल वेळेवर बदलले गेल्याचे लक्षण आत कुठे दिसत नाही. कव्हरच्या आतली काळी राळच तसे सांगते.

नवे: चेन, दोन्ही स्प्रॉकेट, टेन्शनर, कव्हर, ऑइल सील, आणि गाइड धातूच्या पाठीचे. ही दुसरी सुधारणा जी मला पटते. दिसणार नाही, आवाज करणार नाही, कोणाला दाखवता येणार नाही.

२८ डिसेंबर

जोडणी. क्रँकची चावी (स्प्रॉकेट फिरू न देणारा लोखंडी तुकडा) वर, कॅमचा डॉवेल (खुंटी) वर. चेनच्या चकचकीत कड्या क्रँक आणि कॅम स्प्रॉकेटच्या खुणांशी जुळवल्या. बसवून झाल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला आणि डॉवेल व पुलीच्या खुणा पुन्हा जुळल्या की नाही ते पाहिले. चकचकीत कड्या मात्र दोन फेऱ्यांनी परत खुणांवर येत नाहीत, त्याने घाबरायचे नाही.

कव्हर आणि हेडच्या पॅकिंगचे कोपरे जिथे भेटतात तिथे सिलिकॉन सीलंटचा छोटा थेंब, दोन्ही बाजूंना. जास्त लावले की आतल्या बाजूला लोंबते आणि तुटून त्याच जाळीवर जाते.

ऑइल पंप कव्हरच्या पुढे बसतो आणि क्रँकवरूनच चालतो. त्याची ओ-रिंग नवी, आत पेट्रोलियम जेली भरून घेतली म्हणजे पहिल्या फेऱ्यापासून ऑइल ओढेल.

४ जानेवारी

प्लग न लावता, इग्निशन बंद ठेवून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर फिरवला. मग प्लग लावून सुरू केले. खडखड नाही.

गरम इंजिनवर व्हॉल्व्हची फट: इनटेक ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.३०. फायरिंग क्रम १-३-४-२. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशन टीडीसीला असताना इनटेक १ आणि २, एक्झॉस्ट १ आणि ३. क्रँक एक फेरा फिरवून उरलेले चार. दोन एक्झॉस्टची फट जवळजवळ शून्य होती. टकटक वाजणारा व्हॉल्व्ह लोकांना त्रास देतो आणि ते तो घट्ट करतात. घट्ट व्हॉल्व्ह आवाज करत नाही, नीट बंद होत नाही, आणि जळतो. थोडी टकटक असलेली बरी.

टीई१-ई१ जोडून ठिणगीचे टायमिंग टीडीसीच्या ५ अंश आधी. तार काढली की कॉम्प्युटर स्वतः ॲडव्हान्स करतो. तार न जोडता टायमिंग लावले तर आकडा खोटा येतो.

१८ जानेवारी

चेसिसची डावी लांबी. बॅटरी सोडली, कॉम्प्युटरचा प्लग काढला, पेट्रोलच्या नळ्या बाजूला घेतल्या, टाकी उतरवली. एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखी: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर वेल्डिंग करू नये. त्या वाफेवर आर्क पडला की फॉस्जीन हा विषारी वायू होतो. ॲसिटोनने पुसले आणि वाळू दिले.

गंजलेला भाग चांगला धातू लागेपर्यंत कापला. जाडी कॅलिपरने मोजून तेवढ्याच जाडीचा पत्रा. जास्त जाड ठिगळ मजबूत वाटते, पण ते वाकत नाही आणि सगळा ताण त्याच्या कडेला जातो. चीर तिथेच पडते. वर लावायच्या पट्टीची टोके तिरकी कापली, म्हणजे लांबीला आडवी सरळ वेल्ड कुठेच येत नाही. वेल्डिंगला ०.८ मिमी ईआर७०एस-६ तार, छोटे छोटे टाके, मध्ये थंड होऊ देत.

आतल्या पोकळीत फॉस्फोरिक आम्लाचा गंज-रूपांतरक, दोन दिवसांनी लांब नळीने पातळ मेण. निचऱ्याची भोके मेण ओतून झाल्यावर पुन्हा तारेने मोकळी केली. बाहेरून इपॉक्सी प्रायमर आणि साधा काळा.

८ फेब्रुवारी

गिअरबॉक्स, ट्रान्स्फर, दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल. आधी भरण्याचा प्लग सोडून बघायचा, मगच खालचा काढायचा. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल. गिअरबॉक्सला जीएल-४ ७५डब्ल्यू-९०. पितळी सिंक्रोला तेच सोयीचे, आणि थंडपणी दुसऱ्या गिअरची कुरकुर कमी झाली.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकाचे फिरते सांधे): मागचा खडबडीत, बदलला. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर खुणा केल्या. उरलेली थरथर गेली.

१५ मार्च

टायर. मूळ माप २२५/७५ आर १५, व्यास साधारण ७१८ मिमी. ३१ इंची टायरचा ७८७. म्हणजे स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ११० च्या जवळ, प्रत्येक गिअर तेवढाच लांब झालेला, आणि ब्रेकना तेवढे जास्त काम. शिवाय टायरच्या भिंतीवरचा चार आकडी कोड (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) पाहिला तर खाचा भरपूर असूनही टायर म्हातारे. मूळ मापाचे नवे घेतले. गाडी तिसऱ्या गिअरवरून चौथ्यावर जाताना आता दम खात नाही. इंजिन कमी शक्तीचे आहे ही जी समजूत होती तिचा मोठा भाग टायरांत होता.

मागे डिस्क ब्रेक बसवण्याचा विषय मित्राने काढला. मला पटलेला नाही. ड्रम धड असतील तर मागच्या ॲक्सलला ते पुरतात, हँडब्रेकची सोय चांगली होते, आणि डिस्क लावली की लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, मास्टर सिलिंडर, केबल सगळ्यांचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. विजेच्या पंख्यालाही नकार. मूळ क्लच पंखा चालतोय, त्याला वायर लागत नाही.

१२ एप्रिल

हौद्यात वाळूची पोती भरून चाचणी. रिकाम्या रस्त्यावर आधी रिकामी, मग भरलेली. रिकामी असताना जोरात ब्रेक: पुढची चाके आधी धरतात, गाडी सरळ. भरलेली असताना मागचे ब्रेक काम करताना जाणवतात; थांबल्यावर ड्रमचे तापमान मोजले तर रिकाम्यापेक्षा स्पष्ट जास्त, डावे-उजवे जवळजवळ सारखे. व्हॉल्व्ह आपले काम करतोय. तार फेकून दिली.

यू-बोल्ट पुन्हा आवळले. दोन नट थोडे फिरले.

३ मे

सध्या राहिलेले: मागच्या डाव्या ॲक्सलच्या सीलला ओल आहे, गळती नाही. ड्रम उघडून पाहायचे, शूवर गिअर ऑइल गेले तर ते शू टाकून द्यावे लागतील. हीटरचा नळ अर्धा जाम. ड्रायव्हरचे दार खाली बसलेय, बिजागरीच्या पिना मागवल्या आहेत. ऑइल ५,००० किलोमीटरला बदलणार. चेन आणि टेन्शनर दोन्ही त्याच्यावरच जगतात. व्हॉल्व्हची फट पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी पुन्हा बघायची, आणि हँडब्रेक रोज ओढायचा, गाडी सपाटीवर उभी असली तरी.